मागे राहिलेला एक तास

“प्रोग्रॅम यशस्वीरीत्या काढून टाकला आहे.” गेली सव्वीस वर्षं मी ही ओळ पडद्यावर वाचते आहे, आणि गेली सव्वीस वर्षं ती धादांत खोटी आहे. काढून टाकलेला नसतो. नजरेआड केलेला असतो, एवढंच.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला फोन करून सांगितलं, “मॅडम, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा, हलकंफुलकं चालेल.” मी घरोघर जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई. राहते दहिसरला, आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुणाचं ना कुणाचं मशीन उघडून बसलेली असते. गमती घडल्या नाहीत असं नाही. पण आठवायला बसलं की गंमत एक आठवते आणि संताप चार आठवतात, त्याला मी काय करू? त्यामुळे हलकंफुलकं ज्यांना हवं आहे त्यांनी पुढचं पान उलटावं.

आधी काम काय असतं ते सांगते. तुम्ही एखादा प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये घालता, तेव्हा तो एका जागी बसत नाही. मुख्य फाईली एका फोल्डरमध्ये टाकतो, तुमच्या आवडीनिवडी, म्हणजे सेटिंग्ज, दुसऱ्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो, आणि कॉम्प्युटरची जी रजिस्ट्री नावाची मोठी नोंदवही असते तिच्यात शंभर ठिकाणी स्वतःचं नाव लिहून ठेवतो. पुढे तुम्ही तो काढता, म्हणजे ‘अनइन्स्टॉल’ करता, तेव्हा फक्त पहिला फोल्डर जातो. बाकीचं सगळं जिथल्या तिथे. भाडेकरू खोली सोडून गेला, पण भिंतीतले खिळे, माळ्यावरची गोणी आणि पत्रपेटीवरचं नाव तसंच ठेवून गेला, तसा हा प्रकार. ते उरलंसुरलं शोधायचं, आधी एका बाजूला काढून ठेवायचं, दोन दिवस मशीन नीट चालतं का बघायचं आणि मगच पुसायचं, हे माझं काम. यात हुशारी कमी आणि चिकाटी जास्त लागते. म्हणूनच बहुतेक जण ते करत नाहीत.

आणि कंपन्या ते मुद्दाम करत नाहीत. हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही. ज्यांना तुमच्या मशीनमध्ये शंभर ठिकाणी नाव लिहिता येतं, त्यांना ते शंभर ठिकाणांहून खोडता येत नाही, असं कसं म्हणायचं? येतं की. पण गिऱ्हाईक परत येईल ही आशा सुटत नाही. मुलुंडच्या एका निवृत्त साहेबांच्या मशीनमध्ये मला तीन अँटिव्हायरसचे अवशेष सापडले होते. साहेबांनी दर वर्षी जुना काढून नवा घातलेला. जुने दोघे मेल्यावरही पहारा देत होते आणि तिसऱ्यालाच चोर समजून पकडत होते. मशीन सुरू व्हायला वीस मिनिटं लागायची. साहेब तेवढ्यात आंघोळ उरकून घ्यायचे आणि म्हणायचे, “मॅडम, मशीन जुनं झालं हो, माझ्यासारखं.” मशीन जेमतेम चार वर्षांचं होतं. मी दोन तास बसून सगळं निपटून काढलं, तेव्हा ते दोन मिनिटांत उठलं, आणि साहेब नाराज झाले, कारण आता आंघोळीची वेळ चुकायला लागली.

शिवाय ‘सगळा कचरा एका बटणात साफ’ म्हणणारे प्रोग्रॅम मिळतात. ते घालू नका. ते काढल्यावर त्यांचाच कचरा मागे राहतो. हे मी विनोद म्हणून सांगत नाही.

बाई म्हणून जे ऐकावं लागलं ते वेगळंच. दार उघडून माझ्या मागे बघत “सर येतायत का मागून?” असं विचारणारी माणसं आजही भेटतात. मी म्हणते, “सर घरी भाजी निवडतायत.” आमचे हे खरोखरच चांगली निवडतात.

तर मी अशी. कामाला चोख, तोंडाला तिखट, आणि दुसऱ्यांच्या अर्धवट कामावर आग पाखडणारी. आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते, कारण त्यात अर्धवट काम माझं होतं.

माझी थोरली बहीण वाकोल्याला राहते. आम्ही मूळच्या मालवणकडच्या, वडील गिरणीत. ताईचं लग्न लवकर झालं, माझं शिक्षण झालं, एवढाच फरक, पण तो आमच्या बोलण्यात अजून मध्ये येतो. ताईच्या गल्लीत एक गुरुजी आहेत. पूजा सांगतात, मुहूर्त काढून देतात आणि पत्रिका करतात. पत्रिका अर्थात कॉम्प्युटरवर. जन्मतारीख, वेळ, गाव घातलं की पाच मिनिटांत रंगीत पानं बाहेर. त्यांचा तो पत्रिकेचा प्रोग्रॅम एकदा छपाईच्या वेळी अडकायला लागला, तेव्हा ताईने माझं नाव सुचवलं.

मी गेले. बाहेर बाकावर एक जोडपं पत्रिकेसाठी ताटकळत होतं. गुरुजी म्हणाले, “मॅडम, लवकर होईल ना? काल एका आजोबांची पत्रिका करताना जो अडकला तो अडकलाच.” बघितलं तर जुनी आवृत्ती. मी म्हटलं, हा काढते आणि नवा घालते. काढला. यशस्वीरीत्या काढला, अशी ओळ आली. नवा घालायला घेतला, तर त्याने विचारलं, ‘जुनी सेटिंग्ज सापडली. वापरायची का?’

इथे मी थांबायला हवं होतं. जुनी सेटिंग्ज म्हणजे काय, कुठली फाईल, तिच्यात काय लिहिलंय, हे उघडून बघणं हा माझा नेम. मुलुंडच्या साहेबांसाठी मी दोन तास बसले होते. पण खरं सांगते, माझा पत्रिकेवर काडीचा विश्वास नाही, आणि त्या खोलीत बसल्या बसल्या माझ्या मनात एकच होतं की या थोतांडासाठी कशाला एवढी मेहनत. गुरुजी म्हणाले, “असू दे, असू दे, पुन्हा कोण भरत बसणार?” मी ‘होय’ दाबलं. छपाई करून दाखवली, चहा प्यायले आणि अर्ध्या तासात बाहेर पडले. ज्या कामावर माझा विश्वास नव्हता ते काम मी अर्धवट केलं, आणि आपण अर्धवट केलं हे मला तेव्हा ठाऊक होतं.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी ताईच्या मुलीचं, तन्वीचं, जमत आलं. मुलगा, अमेय, बोरिवलीचा, अंधेरीत चांगल्या नोकरीवर. ओळखीतून आलेलं स्थळ. दोघं पाच-सहा वेळा भेटली, एकमेकांना आवडली. तन्वी तशी मोजकं बोलणारी मुलगी, शाळेत शिकवते. पण त्या दिवसांत मला फोन करून “मावशी, तो ना स्वतः पोळ्या करतो” वगैरे सांगायची. ताईने साखरपुड्यासाठी हॉल बघायला घेतला. तेव्हा मुलाच्या आईने पत्रिका मागितली. “आमचा तसा विश्वास नाही हो, पण एकदा बघून घेतलेलं बरं.”

हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय! विश्वास नाही तर मागता कशाला? आणि आहे तर तसं सरळ म्हणा. पण नाही.

तन्वीची पत्रिका केलेलीच नव्हती. तिच्या जन्माच्या वेळी भावोजींनी नको म्हटलं होतं. ताई गल्लीतल्या गुरुजींकडे गेली, पाच मिनिटांत रंगीत पानं घेऊन आली आणि बोरिवलीला पाठवून दिली. चौथ्या दिवशी निरोप आला. मुलीला मंगळ आहे, बाराव्या घरात, आणि कडक आहे. मुलाला नाही. तेव्हा राहू दे.

मुलगा? पोळ्या करणारा? त्याने तन्वीला मेसेज केला, ‘आईला दुखवू शकत नाही, समजून घे.’ संपलं. तन्वी आठवडाभर शाळेत जाऊन येत होती आणि घरी आली की भिंतीकडे तोंड करून झोपत होती. तिचं वजन उतरलं. आणि त्याहून वाईट म्हणजे ताईने पुढची स्थळं बघताना तोंडानेच सांगायला सुरुवात केली, “मुलीला मंगळ आहे बरं का, आधीच सांगतो.” माल खराब आहे हे दुकानदार आधीच सांगतो तसं. मी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

“ताई, कसला मंगळ? काय बोलतेस तू पोरीसमोर?”

“तुका काय कळता गो त्यातला? तू आपला मशीन बघ.”

“मशीनच बघते. पाच मिनिटांत मशीनमधून निघालेल्या कागदावर तू पोरीचं आयुष्य ठरवतेस.”

“मगे? छापून इलाहा. खोटा कसा असात?”

मी तिला अडाणी म्हटलं. म्हणायला नको होतं. ती माझ्याशी बोलायची बंद झाली, आणि मी मात्र दहिसरला येऊन ह्यांना, शेजाऱ्यांना, गिऱ्हाइकांना, भेटेल त्याला सांगत सुटले की बघा, आजच्या काळातही माणसं कशी वागतात. मी बरोबर, जग चूक, अशा थाटात चार महिने काढले.

मग एका सकाळी गुरुजींचा फोन आला. आवाज घाबरलेला. “मॅडम, ताबडतोब या. मला नातू झाला. त्याची पत्रिका मी हाताने केली, पंचांगावरून. आणि कॉम्प्युटर वेगळं दाखवतोय.”

मी पोचल्यावर पहिला प्रश्न विचारला. “हाताने का केलीत?”

“घरच्या पत्रिका आम्ही हातानेच करतो. वडिलांपासूनची पद्धत आहे.”

म्हणजे बघा. घरच्या मुलांसाठी पंचांग आणि कागद-पेन्सिल, आणि लोकांच्या मुलांसाठी पाच मिनिटांचं बटण! मी हे त्यांना तोंडावर बोलले. त्यांनी पंचांग मिटून बाजूला ठेवलं.

मशीन उघडलं आणि त्या लपवलेल्या फोल्डरपर्यंत गेले. तीच फाईल, जी मी तेव्हा उघडायची टाळली होती. तिच्यात एक ओळ होती: युद्धकालीन वजावट, एक तास, चालू. मला काही उमगेना. गुरुजींनी ती दोनदा वाचली आणि मला समजावून सांगितलं.

प्रकार असा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने देशातली घड्याळं तासभर पुढे केली होती. त्या काळात जन्मलेल्या माणसाची पत्रिका करायची तर जन्मवेळेतून एक तास वजा करावा लागतो. मी पहिल्यांदा गेले त्याच्या आदल्या दिवशी गुरुजी ज्या आजोबांच्या पत्रिकेत अडकले होते, त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. जन्म त्याच काळातला. गुरुजींनी त्यांच्यासाठी ती वजावट चालू केली, प्रोग्रॅम अडकला आणि ती बंद करायची राहून गेली. जुन्या आवृत्तीत ती खूण पहिल्याच पानावर दिसायची. नव्या आवृत्तीत कंपनीने ती कुठल्याशा आतल्या पानात नेऊन ठेवली, पण जुनी फाईल मात्र निमूट वाचली. छापलेल्या पत्रिकेवर जन्मवेळ बरोबर यायची. गणित होत होतं तासभर आधीच्या वेळेचं. काल-परवा जन्मलेल्या बाळांपासून लग्नाच्या मुलामुलींपर्यंत सगळ्यांच्या जन्मातून सात महिने एकेक तास कापला जात होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही त्या दिवशीच कळलं. जन्माच्या वेळी पूर्वेला जी रास उगवत असते तिच्यावरून पत्रिकेतली घरं ठरतात, आणि ती रास साधारण दर दोन तासांनी बदलते. तासभर इकडेतिकडे झालं की निम्म्या लोकांची घरं सरकतात.

मी म्हटलं, “तन्वीची काढा. माझ्या भाचीची.”

वजावट बंद करून त्यांनी तिची वेळ घातली. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. मंगळ बाराव्या घरातून उठून अकराव्यात जाऊन बसला. गुरुजी म्हणाले, “हे लाभस्थान. इथे मंगळदोष नाही.” मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “चांगला आहे इथे.”

मला राग आला, पण या वेळी तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. कंपनीवर होताच. फाईल मागे ठेवायची आणि वर ती न सांगता वापरायची, याला मी लबाडीच म्हणते. गुरुजींवर होता. सात महिने पत्रिकेमागून पत्रिका डोळ्यांखालून जातेय आणि माणूस एकदाही पडताळून बघत नाही? पण ‘होय’ माझ्या बोटाने दाबलं होतं.

तेवढ्यात गुरुजी म्हणाले, “मॅडम, एक करा. हे सगळं पुसून टाका. ही फाईल, या महिन्यांतल्या पत्रिकांची यादी, सगळं. काही म्हणता काही मागे ठेवू नका. तुमचं तर ते कामच आहे.”

काम माझंच होतं. सव्वीस वर्षं लोकांना ओरडून सांगत आले की मागे काही ठेवू नका. मी माउसवरचा हात काढून घेतला.

“नाही पुसणार, गुरुजी.”

“अहो, चाळीस वर्षांचं नाव आहे माझं या गल्लीत.”

“आणि या यादीतल्या मुलींचं नाही? तुम्ही प्रत्येक घरी फोन करा आणि सांगा.”

“लोक काय म्हणतील?”

“जे म्हणायचं ते म्हणतील. मी ताईला आत्ता जाऊन सांगणार आहे. आणि ताईला सांगितलं म्हणजे वाकोल्याला सांगितलं, हे तुम्हाला माहीत आहे.”

ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मी यादी जागच्या जागी ठेवली, तिची एक प्रत त्यांच्याच मशीनमध्ये बाजूला काढली आणि ताईकडे गेले.

ताईला सांगायला मला जेवढी भीती वाटली तेवढी कधी कुणाची वाटली नव्हती. सगळं सांगितलं. फाईल, मी दाबलेलं ‘होय’, थोतांड समजून केलेली टाळाटाळ, सगळं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्या कानात एकच शिरलं. “म्हणजे मंगळ नाय?” तिने देवापुढे दिवा लावला आणि लगेच बोरिवलीला फोन जोडला, स्पीकरवर.

मुलाच्या आईने सगळं ऐकून घेतलं. “अगंबाई, असं झालं होय! मग काहीच प्रश्न नाही. आम्हाला मुलगी पसंतच होती. अमेय पण अजून दुसरीकडे हो म्हणाला नाहीये. नवीन पत्रिका पाठवून द्या, की आपण पुढचं ठरवू.”

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तन्वी आतून आली. भांडी घासत होती, हात तसेच ओले. तिने फोन उचलला नाही, नुसती त्याच्याजवळ वाकली.

“काकू, मी तन्वी बोलतेय. माझा जन्म दहा वीसला झाला. तुम्ही नाही म्हणालात तेव्हाही मी दहा वीसचीच होते. पत्रिका पाठवणार नाही. अमेयला सांगा, या वेळी मी नाही म्हणतेय.”

आणि ओल्या बोटाने फोन बंद केला.

मग ताई फुटली, अर्थात माझ्यावर. “तेव्हा नीट काम केला असतंस तर आज हिचा लगीन होऊन गेला असता!” ते खरं होतं. तन्वी म्हणाली, “मग आई, मी आज त्या घरात असते.” तेही खरं होतं. ती माझ्याकडे वळून हसली. “मावशी, बरंच झालं तू आळस केलास.”

मला तिचा राग आला. तिने मला सोडवायला बघितलं याचा राग आला. मी म्हटलं, “बरं-बिरं काही झालं नाही. तू भिंतीकडे तोंड करून झोपत होतीस ते मी बघितलंय. मी काम अर्धवट केलं. त्यातून चांगलं निघालं तर ते तुझं, माझं नाही.”

तिने ओले हात पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले. मग म्हणाली, “त्या यादीत अजून किती जणी आहेत?”

रविवारी आम्ही दोघी गुरुजींकडे गेलो. ते यादीतल्या दुरुस्त केलेल्या पत्रिका आणि फोन घेऊन बसलेच होते, पण एकही फोन लावला नव्हता. आम्हाला बघून त्यांनी पहिला लावला. कुण्या मुलीच्या वडिलांनी उचलला. गुरुजी सुरू झाले, “नमस्कार, एक किरकोळ तांत्रिक अडचण आली होती, त्यामुळे पत्रिकेत थोडासा...” तिकडून आवाज आला, “काय? काय अडचण? नीट सांगा.” गुरुजी तांत्रिक, तांत्रिक म्हणत राहिले. शेवटी त्या माणसाने वैतागून फोन ठेवला. त्याला काहीच कळलं नव्हतं.

तन्वी म्हणाली, “गुरुजी, असं सांगितलंत तर आम्हाला वाटतं खोट आमच्यातच आहे. चूक झाली म्हणा.”

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “आणि माझं नाव घ्या.”

त्यांनी तोच नंबर पुन्हा लावला. “मी वाकोल्याहून गुरुजी बोलतोय. ठेवू नका. तुमच्या मुलीची पत्रिका चुकीची केली गेली. चूक माझी आहे, आणि आमच्या कॉम्प्युटरवाल्या राणे मॅडमची. तुमच्या मुलीत काही दोष नव्हता.”

तिकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला. मग तो माणूस म्हणाला, “थांबा. तिला बोलावतो. तिलाच सांगा.”